खाकरण्याचा आलेख

माणूस आडवा असावा, जागा असावा, रात्रीपासून उपाशी असावा, निश्चिंत असावा आणि एकटा असावा. या पाच अटी एकाच वेळी पुऱ्या करणारा मनुष्य बुलढाणा जिल्ह्यात मिळणे किती अवघड आहे, हे माझ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही. माझ्या नोकरीची पुष्कळ वर्षे असा मनुष्य शोधण्यात गेली.

मी डॉक्टर नव्हतो. बुलढाण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाची प्रयोगशाळा मी सांभाळत असे. हे आरंभीच स्पष्ट करतो, कारण ज्या गृहस्थांविषयी मला लिहायचे आहे त्यांना ते कधीच पटले नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. नागपूरच्या एका निवृत्त वैद्यकीय प्राध्यापकांनी आपले जुने यंत्र आमच्या रुग्णालयाला देणगी म्हणून पाठवले. पाण्याने भरलेले एक पितळी पिंप, त्यात उपडी तरंगणारी धातूची घंटा, घंटेत प्राणवायू. रोग्याच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात रबरी मुखनळी द्यायची आणि त्याला आठ मिनिटे त्या घंटेतलाच वायू घेऊ द्यायचा. उच्छ्वासातला दूषित वायू आत ठेवलेले चुन्याचे खडे शोषून घेत. वायू संपत जाई तसतशी घंटा खाली उतरे आणि तिला दोरीने जोडलेली लेखणी किल्लीवर फिरणाऱ्या कागदावर वर चढत जाणारी रेष काढी. रेष जितकी चढी, तितका प्राणवायूचा खर्च अधिक. आमचे परिचर रहीमचाचा या यंत्राला रांजण म्हणत. पुढे डॉक्टरही रांजणच म्हणू लागले.

हा खर्च मोजायचा कशासाठी, तेही सांगतो. गळ्याच्या पुढच्या बाजूस थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात मिसळतो आणि शरीराची चूल किती पेटती राहावी हे ठरवतो. ही ग्रंथी म्हणजे त्या चुलीची फुंकणी. रस जास्त झाला तर माणूस धडधडतो, वाळतो, चिडतो. कमी पडला तर माणूस थंड, सुजट आणि संथ होतो. त्याचा आवाज जाडावतो, केस गळतात, विचारही उशिरा येतो. आज हे सारे चमचाभर रक्तात कळते. तेव्हा आमच्याकडे रांजण होता. रांजणाचा आकडा वजा दहापासून अधिक दहापर्यंत आला तर ठीक. त्याखाली गेला तर फुंकणी थकली असे समजायचे. मात्र माणूस घाबरला, हलला, बोलला किंवा जेवून आला की चूल आपोआप पेटते आणि आकडा खोटा पडतो. म्हणून त्या पाच अटी.

अटींचे काय होई, याचे एक-दोन मासले देतो. देऊळगाव राजाचे एक गृहस्थ रात्रीपासून कडकडीत उपाशी होते. परंतु शुभकार्याला निघताना हातावर दहीसाखर घालायची असते, म्हणून त्यांच्या मातोश्रींनी वॉर्डापासून रांजणाच्या खोलीपर्यंतच्या चाळीस पावलांच्या प्रवासासाठी त्यांच्या हातावर वाटीभर दहीसाखर घातली. संग्रामपूरकडच्या एका मुख्याध्यापकांचा आकडा वजा चार आला. तो अगदी निरोगी होता. त्यांनी मला लेखी कळवले की शिक्षणखात्यात उणे गुण देण्याची पद्धत नाही, सबब फेरतपासणी व्हावी. फेरतपासणीच्या वेळी ते इतक्या निश्चयाने श्वास घेऊ लागले की सहाव्या मिनिटाला घंटा तळाला टेकली. आकडा अधिक एकोणतीस. ते समाधानाने घरी गेले.

अमडापूरकडचे दौलतराव पाटील आपल्या सुनेला घेऊन दुसऱ्यांदा आले ते एका चैत्रात.

पहिल्यांदा आले होते त्याच्या आदल्या वर्षी. सून शांता, वय चोवीस-पंचवीस. अंगात ताप, बोटांचे सांधे सुजलेले, आणि दोन्ही गालांवर व नाकाच्या पाठीवर लाल चट्टा. आमच्या डॉक्टरांनी तिचे रक्त तपासावयास दिले. त्या तपासणीत गोठलेले रक्त गरम जागी ठेवून, चाळून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहावे लागे. शेवटी मला हवी ती पेशी सापडली. एका पांढऱ्या पेशीने दुसरीचे केंद्रक अख्खे गिळून पोटात ठेवले होते. रोग ठरला, ल्युपस. यात शरीराचे रक्षक स्वतःच्याच घरावर उलटतात. डॉक्टरांनी पाटलांना सांगितले की पूर्वीच्या लोकांना तो चट्टा लांडग्याने चावल्यासारखा वाटला, म्हणून परक्या भाषेत रोगाला लांडग्याचे नाव पडले. मी पाटलांना सूक्ष्मदर्शकातून ती पेशी दाखवली. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"लांडगा म्या पाह्यला हाय," ते म्हणाले. "तो असा पोट भरून गप बसत नाही."

त्या वेळी मला हे विधान अडाणीपणाचे वाटले. वर्षभराने ते खरे ठरले.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी शांताचा ताप उतरला, सांधे मोकळे झाले, चट्टा फिका पडला. सारे ठीक म्हणावे तर ती संथ झाली. त्या चैत्रात, भर उन्हात, ती घोंगडी पांघरून बाकावर बसली होती. चेहरा सुजट, कातडी कोरडी, आवाज घोगरा. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत दुसरे काम करून घ्यावे.

"पहिल्या बिमारीतून उठली ही," पाटील मला म्हणाले. "मंग आता काऊन अशी करते, डाक्तर? भाकर थापाले बसली तं तवा थंडा होऊन जाते."

"मी डॉक्टर नाही."

"कोट तं पांढरा हाय." त्यांनी तो विषय संपवला. "घरची म्हणते ढोंग हाय. मलेबी तसंच वाटून राह्यलं. काऊन, ते सांगतो. दिवसभर अशी पडेल राह्यते. पण मी वसरीवर आलो का टणकन उठून उभी. डोक्यावर पदर, मान खाली. बिमार माणूस असं उठते का?"

"तुम्ही आलात हे तिला कळते कसे?"

"कयते," ते म्हणाले आणि खाकरले.

त्यांच्या त्या खाकरण्याचे वर्णन करणे आवश्यक आहे. आपल्याकडे घरातला वडीलधारा पुरुष माजघराकडे वळण्याआधी खाकरतो, म्हणजे आतल्या लेकीसुना सावरून बसतात. ही रीत सगळीकडे आहे. परंतु पाटलांनी ती इतकी वर्षे पाळली होती की तिचा व येण्याजाण्याचा संबंध सुटला होता. ते बसल्या जागी, दर मिनिट-दोन मिनिटांनी, वाड्याच्या पलीकडच्या गोठ्यापर्यंत पोचेल असे खाकरत. ते खाकरले त्याच क्षणी बाकावरची शांता उठून उभी राहिली. डोक्यावर पदर, मान खाली. घोंगडी जमिनीवर पडली. त्या संथ देहातून इतकी चपळ हालचाल निघालेली पाहून मी क्षणभर पाटलांच्या बाजूने झालो.

डॉक्टरांच्या मनात वेगळे होते. ते तरुण होते आणि वाचत असत. ल्युपसच्या काही रोग्यांत थायरॉइडही बिघडते, एकदा उलटलेले रक्षक त्या ग्रंथीवरही घसरतात, असे त्यांच्या वाचनात आले होते. अडचण अशी की शांताच्या प्रत्येक लक्षणाला आधीच एक मालक होता. सूज स्टेरॉइडची म्हणता येत होती, थकवा ल्युपसचा, केस गळणे तापाचे. सातपुड्याच्या पायथ्याकडे गळ्याला गाठी झालेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली होती. हिचा गळा सपाट होता. अंदाजाने थायरॉइडच्या गोळ्या द्याव्यात, तर ल्युपसने हृदयाला धक्का लागला असल्यास त्या गोळ्याच घातक ठरायच्या. म्हणून त्यांना आकडा हवा होता.

आकडा पाटलांनाही हवा होता.

"तुमचा कागद काय म्हणते ते पाहू," ते म्हणाले. "बिमारी असन तं दवा करू. मी मांगं हटणार नाही. नसन तं हिले माहेरी नेऊन घालतो. घरात पोराच्या दुसऱ्या लग्नाचं बोलून राह्यले. तीन दिवस थांबतो. चौथ्या दिवशी गाडी जुपतो, कागद काही म्हणो."

मुलगा बापापुढे बोलत नव्हता, सासू ढोंगी सुनेसाठी प्रवास करायला तयार नव्हती, आणि सुनेला परक्या पुरुषांत एकटी सोडणे पाटलांना मान्य नव्हते. त्यामुळे पाटील व्हरांड्यात बसणार हे ठरले. शांताने या सर्व चर्चेत भाग घेतला नाही. ती निघून गेल्यावर मला कळले की तिने एक वाक्य बोलायला घेतले होते आणि ते पूर्ण होण्याआधी आम्ही सर्व उठलो होतो.

पहिल्या दिवशी सकाळी ती आडवी झाली. ताप नव्हता, पोट रिकामे होते. अर्धा तास विश्रांती, मग नाकाला चिमटा, तोंडात नळी. मी लेखणी टेकवली. दुसऱ्या मिनिटाला व्हरांड्यात पाटील खाकरले. शांता उठून उभी राहिली. चिमटा नाकाला, नळी तोंडात, नळीच्या मागे रांजण. तिने त्या सर्वांवरून पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली. रहीमचाचांनी घंटा धरली म्हणून ती उलटली नाही.

"साहेब," चाचा म्हणाले, "माझी उमर गेली दवाखान्यात, पण घुंघट घेतलेला रांजण आज पाह्यला."

मी बाहेर गेलो आणि पाटलांना स्पष्ट सांगितले की आठ मिनिटे खाकरू नका.

"मी कुठं खाकरतो?" त्यांनी खाकरून विचारले.

त्यांचा अपमान झाला होता हे दिसत होते. जी गोष्ट माणूस करतच नाही ती थांबवायला त्याला सांगता येत नाही. मी त्यांना फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसण्याची विनंती केली. ते गेले. फाटक दोनशे पावलांवर होते. कागदावर त्या दिवशी रेषेतून मधूनच वर फुटलेले चार कोंब आजही दिसतात. पाटलांचा गळा दोनशे पावलांना दाद देत नव्हता. या खेपेला शांता उठली नाही, परंतु प्रत्येक वेळी तिची मान गादीवरून उचलली जाई आणि श्वास चुके.

दुसऱ्या दिवशी रहीमचाचांनी उपाय सुचवला. शांताच्या कानांत कापूस घालावा. मी घातला. आता तिला काही ऐकू येत नव्हते. त्यामुळे मामाजी खाकरले असतील आणि आपल्याला कळले नसेल, या शंकेने ती दर अर्ध्या मिनिटाला डोके उचलून दाराकडे पाहू लागली. मी पट्टी लावून रेष मोजली. अधिक दोन.

डॉक्टरांनी तो आकडा दोनदा वाचला. "नॉर्मल आहे," ते म्हणाले. "म्हणजे माझा तर्क चुकला. लिहून द्या."

मी सही केली नाही. माझ्या आकड्यावर मी सही केली नाही असे नोकरीत ते प्रथमच घडत होते.

"का?"

"हा आकडा सुनेचा नाही," मी म्हणालो. "हा सासऱ्यांचा आहे."

डॉक्टरांनी प्राणवायूच्या सिलिंडरकडे पाहिले. काटा शेवटच्या घरात होता. एका तपासणीपुरता वायू उरला होता. नवे सिलिंडर अकोल्याहून महिन्याने येणार होते. आणि पाटलांच्या मुदतीचा एकच दिवस उरला होता.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवलो नाही, असे माझी पत्नी सांगे. मला ते आठवत नाही. मला एवढे आठवते की प्रश्न अखेरीस यांत्रिक स्वरूपात माझ्यापुढे उभा राहिला. मनुष्याला खाकरता येऊ नये यासाठी काय करावे? उत्तर माझ्या कपाटात होते. नाक चिमट्याने बंद असेल आणि मुखनळीचे रबर दातांत धरून ओठ मिटलेले असतील, तर कोणालाही खाकरता येत नाही. माझ्याकडे एक जुना चिमटा आणि चीर गेलेली एक हातभर नळी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाटलांना म्हणालो, "आज आपलीही तपासणी करायची आहे."

"माही काऊन?"

"घरच्या निरोगी माणसाचा श्वास तुलनेला लागतो."

हे असत्य होते. माझ्या व्यवसायात असत्याला जागा नसते, आणि मी ते तोंडावरची रेष न हलवता बोललो, हे मी इथे नोंदवतो.

पाटलांनी चिमट्याकडे पाहिले. नळीकडे पाहिले. मग फेटा नीट केला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी चिमटा लावला, नळी तोंडात दिली. "मी सांगेपर्यंत काढायची नाही. काढली तर तपासणी वाया जाईल," असे बजावले. नळीचे दुसरे टोक त्यांच्या मांडीवरून लोंबत राहिले. ते कशालाही जोडलेले नव्हते.

आत रहीमचाचांनी शांताला सांगितले, "बेटी, तुह्या सासऱ्याचं तोंड आम्ही बंद केलं. आता आरामात नीज."

तिचा विश्वास बसला नाही. चाचांनी खिडकीचे दार बोटभर उघडले. बाहेर पाटील आमच्याकडे पाठ करून ताठ बसले होते. मधूनच ते मान वळवत तेव्हा चिमटा आणि नळी दिसे. शांताने पाहिले, ती परत आली, आडवी झाली आणि डोळे मिटून पडून राहिली. मी घड्याळ लावले. चार मिनिटे शांततेत गेली. पाचव्या मिनिटाला ती हसू लागली. हसणे घोगरे होते आणि सावकाश चालले. पाहिलेल्या गोष्टीचे हसू यायला तिला चार मिनिटे लागली होती. मी डॉक्टर नसलो तरी माझ्यापुरते निदान तिथेच झाले. परंतु हसण्याने चूल पेटते, म्हणून मला अर्ध्या तासाची विश्रांती पुन्हा पहिल्यापासून धरावी लागली.

याचा अर्थ पाटलांनाही तेवढे बसावे लागले. व्हरांड्यात इतर रोग्यांचे नातेवाईक जमले होते. आतून मला सर्व ऐकू येत होते.

"हे पाटील नाक काऊन दाबून बसले बे?" कोणी तरी शेजाऱ्याला विचारले.

"त्याहीले इचार ना."

"इचारलं. हात हालवून राह्यले."

"गप बसा," रहीमचाचा दारातून म्हणाले. "पाटलाचा श्वास नागपूरले जाऊन राह्यला तपासाले."

"नळी तं मांडीवर सोडेल हाय."

"ती तशीच असते," चाचांनी ठणकावले. "तुले काय कयते रे तपासणीतलं?"

आत मी शेवटचा वायू घंटेत सोडला आणि लेखणी टेकवली. आठ मिनिटांत बाहेरून एक आवाज आला नाही. पाटलांच्या गळ्यात काही गुरगुरत होते, असे चाचा नंतर म्हणाले; डोळ्यांत पाणी आले होते आणि मांडीवर मूठ आपटत होती; परंतु त्यांनी नळी सोडली नाही. शांताचा श्वास संथ, सारखा. कागदावरची रेष जवळजवळ आडवी, माळासारखी. मी हजारांवर आलेख काढले असतील. त्याच्याइतका स्वच्छ आलेख मला पुन्हा मिळाला नाही.

वजा चौतीस.

मी सही केली.

पाटलांना बोलावले. त्यांनी चिमटा काढला होता. नाकावर दोन लाल खुणा होत्या. डॉक्टरांनी त्यांना सारे समजावले. लांडगा गळ्यातल्या ग्रंथीकडे गेला आहे. ही मुलगी आळशी नाही, तिची फुंकणी बंद पडत आली आहे. गोळ्या अगदी थोड्या मात्रेत सुरू करू, हृदयाकडे लक्ष ठेवून वाढवू, आणि त्या तिला जन्मभर घ्याव्या लागतील. पहिल्या रोगाच्या गोळ्याही सुटणार नाहीत.

पाटलांनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. "मंग ती उठते कशी टणकन?" त्यांनी विचारले.

"भीतीने," मी म्हणालो.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माह्या तपासणीचं काय आलं?"

हा प्रश्न मी अपेक्षिला नव्हता. मी एक कोरा अर्ज घेतला आणि लिहिले, 'श्वसन समाधानकारक. गळ्यास विश्रांती इष्ट.' खाली सही केली. माझ्या हातून गेलेला तो एकमेव खोटा अहवाल. पाटलांनी तो घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला आणि सुनेला घेऊन गेले. गाडी माहेराच्या रस्त्याला लागली नाही, एवढे रहीमचाचा फाटकापर्यंत जाऊन पाहून आले.

त्यानंतरचे काही महिने मला त्रासाचे गेले. पाटलांना नाकाचा चिमटा लावून नुसते बसवले आणि त्यांचा जुना खोकला गेला, अशी वार्ता चिखलीच्या बाजारातून पसरली. जिल्ह्यातून माणसे "पाटलाची तपासणी" मागू लागली. एकाने आपल्या सासूबाईंना आणले आणि त्यांना दिवसभर चिमटा लावून ठेवावा अशी विनंती केली. मी सर्वांना परत पाठवले.

त्रासाचे खरे कारण निराळे होते. मी जुने आलेख काढून बसे. शांताच्या आधी किती लेकीसुना त्या गादीवर पडून गेल्या होत्या. किती कागदांवर ते कोंब होते, ज्यांना मी रोग्याची चुळबुळ म्हणून सोडून दिले होते आणि आकड्याखाली सही केली होती. व्हरांड्यात कोण बसले होते हे मी कधी पाहिले नव्हते. त्या कागदांवर कोणाच्या गाड्या कोणत्या रस्त्याला लागल्या, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. तेव्हापासून तपासणीच्या अर्जावर मी हाताने एक रकाना आखला: 'बाहेर कोण बसले आहे'. वरिष्ठांनी त्यावर खुलासा मागवला. मी तो दिला नाही.

चार-पाच वर्षांनी, गहू निघण्याच्या दिवसांत, पाटील स्वतः पुन्हा आले. शांताच्या रक्ताची नेहमीची तपासणी होती. ल्युपस गेला नव्हता. तो जात नाही. मधे एकदा तापाने ती महिनाभर पडून होती. परंतु आवाज मोकळा झाला होता, केस आले होते. तिने मला नमस्कार केला, माझ्या पत्नीची चौकशी केली, आणि मी उत्तर देण्याआधी दुसरा प्रश्न विचारला. मग ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

पाटील आत थांबले. त्यांनी खिशातून घडी झालेला एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. 'श्वसन समाधानकारक.' घड्यांवर तो फाटत आला होता.

"हा खोटा कागद तुमच्यापाशी ठेवा, डाक्तर."

मी डॉक्टर नाही, असे म्हणायचे राहून गेले. "आपल्याला कधी कळले?" मी विचारले.

"तव्हाच. नळीचं टोक माह्या मांडीवर होतं. मी काय आंधया होतो?"

"मग बसलात कशाला?"

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही पहिल्या दिवशी म्हणले, खाकरू नका. मले राग आला. मी कुठं खाकरतो, म्हणलं. मंग त्या लिंबाखाली बसलो न, तं ध्यान देऊन ऐकलं. थांबतो म्हणलं तरी थांबे ना. दुसऱ्या दिवशीबी तेच. इतकी वर्सं ते पोरगी दर खेपी उठून राह्यली असन, घरात. तिसऱ्या दिवशी तुम्ही नळी आणली. म्या म्हणलं, बरं झालं."

"आपण मला सांगायला हवे होते. मी नळी लावल्याशिवायही—"

"काय सांगू? सुनेसाठी गप बसलो म्हणू? वसरीवर अर्धं अमडापूर बसेल होतं. तपासणी म्हणलं का झालं."

मी तो कागद टेबलाच्या खणात, शांताच्या आलेखाखाली ठेवला. दोन्ही अजून माझ्याकडे आहेत.

पाटील निघाले. मी दारापर्यंत गेलो. शांता बाकावर पाठ टेकून, पाय पुढे सोडून बसली होती आणि भाजलेले हरभरे सोलून खात होती. पाटील उंबऱ्याशी थांबले. सवयीने हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी हात खाली घेतला.

"शांता," ते म्हणाले, "निघाचं का?"

"आली मामाजी. हे एवढे संपवते."

तिने उरलेले हरभरे संपवले, टरफले पदरातून झटकली, चप्पल शोधली आणि सावकाश उठली. अगदी सावकाश. मी उभा राहून ते पाहिले. ते आजाराचे नव्हते.